गोड्या पाण्याची मत्स्यटाकी: पहिल्या महिन्यातच मासे का दगावतात?

जलतरंग

नव्याने मत्स्यटाकी मांडणाऱ्यांच्या तक्रारी वाचल्या की त्यांत एक ठरावीक क्रम दिसतो. टाकी, फिल्टर, दिवा, खडे आणि मासे अशी सगळी खरेदी एकाच दिवशी होते आणि संध्याकाळपर्यंत मासे पाण्यात सोडलेले असतात. पहिले दोन-तीन दिवस सारे छान दिसते, मग मासे एका कोपऱ्यात मलूल होऊन थांबू लागतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत एकेक करून दगावतात. दोष माशांच्या प्रतीला किंवा नळाच्या पाण्याला दिला जातो, नवे मासे आणले जातात आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो.

नवशिक्यांच्या चुकांच्या याद्या पुष्कळ वाचायला मिळतात, परंतु माझ्या मते त्यांतील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: स्वतःची घाण पचवण्याची ताकद टाकीला येण्याआधीच तिच्यात मासे सोडले जातात. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतात आणि उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. मुरलेल्या टाकीत जीवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. यांपैकी पहिली दोन द्रव्ये अगदी थोड्या प्रमाणातही माशांना घातक असतात. नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य असते आणि ते पाणी बदलून आटोक्यात ठेवता येते. नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. शिवाय इतर जीवाणू तासाभराच्या आत दुप्पट होऊ शकतात, तर यांना त्यासाठी कित्येक तास, काही वेळा दिवसाहून अधिक काळ लागतो. म्हणूनच टाकी मुरायला, म्हणजे हे जीवाणू पुरेसे वाढायला, सामान्यतः चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकी माशांविना रिकामी ठेवावी आणि जीवाणूंना खाद्य म्हणून तिच्यात बाटलीतील अमोनिया घालावा, असे माझे मत आहे.

माझा प्रश्न असा आहे की, नव्या माणसाला खरेदीच्या आधी एकच गोष्ट सांगण्याची मुभा असेल, तर आपण कोणती सांगाल? मूळ कारणाविषयीचे माझे म्हणणे ज्यांना पटत नसेल, त्यांनीही कारणांसह जरूर लिहावे.

शंखपुष्पी

आपल्या म्हणण्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. त्यात एवढीच भर घालते की पाणी नितळ दिसते याचा अर्थ ते निर्मळ आहे असा होत नाही. अमोनिया आणि नायट्राइट या दोहोंना पाण्यात रंग नसतो, त्यामुळे मासे मरत असलेली टाकीही काचेसारखी स्वच्छ दिसू शकते.

काठावरचा

जलतरंग यांचे रसायनशास्त्र बिनचूक आहे, परंतु मूळ चूक त्याच्याही आधी, टाकी निवडताना होते, असे मला वाटते. पहिला प्रयोग म्हणून लोक सर्वांत लहान टाकी किंवा काचेचा गोल वाडगा घेतात, कारण तो सांभाळायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात पाणी जितके कमी, तितकी प्रत्येक चूक महागात पडते. चिमूटभर जास्त पडलेले खाद्य पाच लिटर पाण्यात जो उत्पात करते, तो पन्नास लिटरमध्ये जाणवतही नाही. तापमानाचे चढउतारही लहान टाकीत फार झपाट्याने होतात. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा टाकीत ५४ लिटर पाणी मावते. नवशिक्यासाठी मी याहून लहान टाकी कधीही सुचवणार नाही.

आकारही पाहावा. हवेतील प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत शिरतो, त्यामुळे तेवढ्याच पाण्याच्या उंच आणि अरुंद टाकीपेक्षा लांब आणि बसकी टाकी माशांना अधिक मानवते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. एअर पंपाचे बुडबुडे उपयोगी पडतात ते मुख्यतः पृष्ठभाग हलता ठेवतात म्हणून.

वजनाचा विचार तर क्वचितच कोणी करतो. वरच्या टाकीत नुसते पाणीच ५४ किलो आहे. काच, वाळू आणि दगड धरले तर ७० किलोंच्या पुढे जाते. ज्या मेजावर ती ठेवायची ते भक्कम हवेच, पण ते पाणसळीने तपासलेले आणि सपाटही हवे. तळाची काच संपूर्णपणे टेकणाऱ्या टाकीखाली फोमची चटई घालावी, कारण काचेखाली अडकलेला एखादा खडाही तिला तडा देण्यास पुरेसा असतो.

नवी_पालवी

हा धागा अगदी वेळेवर आला. आमच्याकडे नुकतीच टाकी आली आहे आणि त्यात मॉली व गप्पी मिळून दहा मासे आहेत. कालपासून पाणी दुधाळ झाले आहे आणि सकाळपासून मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत आहेत. सगळे पाणी काढून टाकी आणि फिल्टर साबणाने धुण्याचा सल्ला मला मिळाला आहे. तसे करावे का?

जलतरंग

नवी_पालवी, कृपा करून साबण अजिबात वापरू नका. त्याचा काचेवर किंवा स्पंजात राहिलेला अंशही माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. दुधाळपणा बहुधा कुजवणाऱ्या जीवाणूंच्या अचानक वाढीमुळे आला असावा. नव्या टाकीत तो नेहमी दिसतो आणि काही दिवसांत आपोआप निवळतो. मात्र हे जीवाणूही प्राणवायू वापरतात. मासे पृष्ठभागाशी येत आहेत याची दोन कारणे असू शकतात: एक तर प्राणवायू कमी पडत असेल, नाहीतर अमोनिया किंवा नायट्राइटमुळे श्वसन बिघडले असेल. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि मग पाण्यात प्राणवायू असूनही रक्ताला तो वाहून नेता येत नाही. अशा माशांचे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात.

आत्ता तीन कामे करा. फिल्टरची धार अशी वळवा की पृष्ठभाग सतत हलत राहील. एक तृतीयांश पाणी काढून तेवढेच, त्याच तापमानाचे आणि क्लोरीन काढलेले पाणी भरा. आज आणि उद्या खाद्य देऊ नका. मोठे, निरोगी मासे दोन दिवस उपाशी सहज राहतात. त्यानंतर थेंबांचा टेस्ट किट (नळीतील पाण्यात थेंब टाकून रंगावरून मोजण्याचा संच) आणून अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा) मोजा आणि आकडे येथे लिहा.

तळ्यातली_चिंच

वरच्या प्रतिसादातील ‘क्लोरीन काढलेले’ या शब्दांवर थोडे थांबणे गरजेचे आहे, कारण अनेकजण नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवून निश्चिंत होतात. पाण्यात केवळ क्लोरीन असेल तर तो एक-दोन दिवसांत बराचसा उडून जातो. पण काही ठिकाणी शुद्धीकरणासाठी क्लोरामाइन वापरतात आणि ते असे सहजासहजी उडत नाही. अँटिक्लोरीन म्हणून जे थेंब किंवा खडे मिळतात, त्यांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. ते क्लोरीन तत्काळ निष्प्रभ करते. क्लोरामाइनही तोडते, पण तसे करताना अमोनिया मोकळा होतो. म्हणून आपल्या पाण्यात नेमके काय घातले जाते याची चौकशी पाणीपुरवठा करणाऱ्यांकडे एकदा करावी आणि क्लोरामाइन असल्यास अमोनियालाही बांधून ठेवणारे द्रावण घ्यावे.

गाळणी

फिल्टर धुण्याविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते, कारण चांगली मुरलेली टाकी एका दिवसात बिघडवण्याचा तो हमखास मार्ग आहे. उपयोगी जीवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंजाच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या कड्यांवर, वाळूच्या कणांवर चिकटून राहतात. जुना स्पंज बाहेर काढून पिळला की त्यातून गडद तपकिरी, किंचित बुळबुळीत गाळ निघतो आणि त्याला पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो. नवखा माणूस ही घाण समजून तो स्पंज नळाच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत चोळतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंना मारतो आणि चार-पाच दिवसांत अमोनिया पुन्हा दिसू लागतो.

योग्य पद्धत अशी आहे की पाणी बदलताना टाकीतून काढलेले पाणी एका बादलीत घ्यावे आणि स्पंज त्यातच दोन-तीनदा हलकेच पिळून परत बसवावा. पाण्याची धार मंदावली नसेल तर त्याला हातही लावू नये. दर महिन्याला कार्ट्रिज (फिल्टरमधील बदलता येणारा गाळणीचा भाग) फेकून नवे घाला असे खोक्यावर छापलेले असते, ते मला मुळीच पटत नाही. तेवढ्याने दर महिन्याला निम्मी टाकी नव्याने सुरू होते. फिल्टर काही तास बंद राहिला, तर बंदिस्त डब्याच्या फिल्टरमधील प्राणवायू संपतो आणि आतले जीवाणू मरू लागतात. अशा वेळी पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्यातील साचलेले पाणी ओतून टाकावे.

शेवाळवेल

जलतरंग यांच्या ‘आधी महिनाभर रिकामी टाकी’ या मताशी माझा मतभेद आहे. पहिल्या दिवसापासून भरपूर वनस्पती लावल्या, तर जीवाणू वाढून अमोनिया संपण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. हॉर्नवर्ट, पाणकोबी आणि इतर झपाट्याने वाढणाऱ्या तरंगत्या वनस्पती अमोनियम (पाण्यातील अमोनियाचेच कमी विषारी रूप) थेट शोषून घेतात. नायट्रेटपेक्षा त्यांना तेच अधिक सोपे जाते. अशा टाकीत काही दिवसांनी मोजके लहान मासे सोडले, तर कोणतीही हानी न होता जीवाणू आणि वनस्पती बरोबरीने वाढतात. निसर्गातील तळे कोणी बाटलीतील अमोनिया घालून तयार करत नाही.

जलतरंग

शेवाळवेल, आपली पद्धत चालते हे मी नाकारत नाही, पण ती अनुभवी माणसाची पद्धत आहे. झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती अमोनिया शोषतात, हे त्या खरोखर वाढत असतील तेव्हाच घडते. नवशिक्याने आणलेल्या निम्म्या वनस्पती पहिल्या पंधरवड्यात पाने गाळतात आणि ती पाने कुजून अमोनियात भरच घालतात. प्रकाश कमी पडला तर वनस्पती खुरटतात. तो वाढवावा म्हणून दिवा बारा-बारा तास ठेवला तर शेवाळ माजते. नव्या टाकीला सहा ते आठ तासांचा प्रकाश पुरतो आणि खिडकीतील थेट ऊन टाळावे, एवढेही सुरुवातीला माहीत नसते.

माशांविना टाकी मुरवण्यात मोजमाप करता येते, हा तिचा खरा लाभ आहे. ५४ लिटर पाण्यात साधारण ०.३४ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घातले, तर अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. तो आणि त्यापासून बनलेला नायट्राइट हे दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले की टाकी तयार झाली. ज्यांना लवकर करायचे असेल, त्यांनी निरोगी, जुन्या टाकीतील वापरता स्पंज मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. जुन्या टाकीचे नुसते पाणी आणून मात्र काहीही साधत नाही. कारण गाळणी यांनी सांगितलेच आहे.

पाणबुडी

वनस्पती विरुद्ध जीवाणू हा वाद निघाला म्हणून थोडा इतिहास सांगतो. तो विषयाला धरूनच आहे. लंडनमधील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती ठेवून समतोल साधण्याचा प्रयोग केला. काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी त्यात पाणगोगलगाई सोडल्या आणि त्यांनी सडकी पाने फस्त केली. वनस्पती प्राणवायू देते एवढ्यावर टाकी चालत नाही, कुजणाऱ्या द्रव्याची विल्हेवाट लावणारे कोणीतरी लागतेच, हे त्यांना तेव्हाच दिसले होते.

जीवाणूंची ओळख पटायला मात्र फार वेळ लागला. नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे श्रेय पुष्कळ वर्षे नायट्रोबॅक्टरला दिले जात असे. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरा करतो असे दिसले. पुढे २०१५मध्ये त्याच कुळातील काही जीवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्यानेच करतात, हेही सिद्ध झाले. ‘जीवाणूंची बाटली’ म्हणून जे विकले जाते त्याविषयी साशंक राहण्याचे हे एक कारण आहे, कारण बाटलीत कोणते जीवाणू आहेत आणि ते जिवंत आहेत की नाहीत, हे ग्राहकाला बाहेरून कळत नाही.

शंखपुष्पी

माशांच्या निवडीचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून मीच काढते. ‘एका इंचाच्या माशाला चार लिटर’ हे सूत्र लहान माशांसाठी कसेबसे चालते, पण लांबी दुप्पट झाली की माशाचे वजन साधारण आठपट होते, त्यामुळे मोठ्या माशांना ते लावणे ही फसगत आहे. विक्रीला असलेला गोल्डफिश बोटाएवढा असतो. लांबट जातीचा गोल्डफिश पुढे पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास जातो, दहा वर्षांहून अधिक जगू शकतो आणि खातो तसाच घाणही भरपूर करतो. त्याला थंड पाणी मानवते. तरीही २५ ते २७ अंशांत रमणाऱ्या बेट्टाशेजारी त्याला ठेवलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहे. ‘काच साफ करतो’ म्हणून दिला जाणारा सकर मासा तीस-चाळीस सेंटिमीटर वाढतो आणि नंतर लोक त्याला नदीत सोडून देतात, जे त्याहून वाईट आहे. अनेक उष्ण देशांच्या नद्यांत तो आज उपद्रवी ठरला आहे.

निऑन टेट्रा एक-दोन आणू नयेत. थव्याने राहणारा मासा एकटा पडला की भेदरलेला राहतो; आठ-दहांचा थवा केला की तोच टाकीभर मोकळेपणाने फिरतो. बेट्टा हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून त्याला पेल्यात ठेवावे असा तर्क केला जातो. हवा घेण्याची सोय त्याला प्राणवायूच्या कमतरतेपासून वाचवते, अमोनियापासून नाही.

गाळणी

शंखपुष्पी यांना अनुमोदन.

तळ्यातली_चिंच

नवे मासे थेट मुख्य टाकीत सोडणे ही चूकही नोंदवून ठेवावी. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले की तो इक नावाच्या परजीवीचा प्रादुर्भाव असतो. त्वचेखाली बसलेल्या अवस्थेत त्याच्यावर औषध चालत नाही. तो माशावरून गळून तळाशी कोष करतो, त्या कोषात शेकडो पिल्ले तयार होतात आणि ती मोकळी पोहू लागली की तेवढ्याच काळात औषधाने मरतात. ठिपके गेले म्हणून दोन दिवसांत औषध थांबवणाऱ्यांना आठवड्याने तोच रोग दुप्पट जोराने भेटतो, तो याचमुळे. नव्या माशांना तीन-चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवले तर हा प्रसंग मुख्य टाकीवर सहसा येत नाही.

नवी_पालवी

सर्वांचे मनापासून आभार. पाणी बदलल्यावर मासे खाली उतरले आहेत. टेस्ट किट आणला. अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅम, नायट्राइट १ मिलिग्रॅम आणि पीएच ८ दाखवत आहे. पीएच कमी करण्याचे औषध घालू का?

काठावरचा

पीएचशी खेळू नका. आकडा आठ असला तरी तो स्थिर आहे आणि मॉली व गप्पी यांना थोडे कठीण, अल्कधर्मी पाणीच आवडते. औषधाने तो एकदम खाली आणला, तर पाण्यातील कार्बोनेट त्याला पुन्हा वर ढकलतात आणि ही ओढाताण माशांना अधिक त्रासदायक होते. याच कारणासाठी नुसते आरओचे पाणीही वापरू नये: त्यात कार्बोनेट नसल्यासारखेच असतात, जीवाणू काम करताना आम्ल तयार करतात आणि ते पेलायला काहीच नसल्यामुळे पीएच अचानक कोसळतो.

मात्र अमोनिया मोजताना पीएच लक्षात घ्यावाच लागतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा साधारण अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ असताना ते प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे तुमच्या टाकीतील ०.५ हा आकडा पीएच ७च्या टाकीतील जवळपास ५ इतका धोकादायक आहे. पाणी न बदलता ठेवलेल्या जुन्या टाक्यांत याच्या उलट प्रकार घडतो. तेथे पीएच सहाच्या खाली गेलेला असतो, अमोनिया साचूनही मासे तग धरून असतात आणि कोणीतरी एके दिवशी निम्म्याहून जास्त पाणी बदलून पीएच आठवर नेतो. मग काही तासांत मासे मरतात आणि ‘पाणी बदलल्याने मासे मरतात’ अशी समजूत घट्ट होते. अशा टाकीचे पाणी थोडे-थोडे, अनेक दिवसांत बदलावे.

जलतरंग

काठावरचा यांच्या सल्ल्याला जोडून, नवी_पालवी, पुढचे काही आठवडे असे चालवा. रोज मोजा. अमोनिया ०.२५च्या किंवा नायट्राइट ०.५च्या वर दिसला की त्या दिवशी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदला. नायट्राइटचा धोका कमी करण्यासाठी दर दहा लिटरला एक ग्रॅम साधे, कोणतीही भर नसलेले मीठ विरघळवून घाला. त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यास अडवते. काढलेल्या पाण्याच्या प्रमाणातच पुढच्या वेळी मीठ घालावे, दरवेळी संपूर्ण मात्रा घालू नये. खाद्य दिवसातून एकदाच आणि दीड-दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या. दहांपैकी निम्मे मासे सांभाळणारा कोणी परिचित असेल, तर काही काळ त्याच्याकडे ठेवावेत. सलग आठवडाभर दोन्ही आकडे शून्य आले की ते परत आणता येतील, तेही दोन-दोन करून, म्हणजे जीवाणूंना वाढत्या भाराबरोबर वाढायला अवधी मिळेल.

मूळ प्रश्नाविषयी सांगायचे, तर या चर्चेनंतर माझे उत्तर थोडे बदलले आहे. काठावरचा यांचा टाकीच्या आकाराचा मुद्दा आणि शेवाळवेल यांचा वनस्पतींचा मुद्दा, दोन्ही अखेर किती घाण तयार होते आणि तिचे काय होते, इथेच येऊन मिळतात. त्यामुळे नव्या माणसाला एकच गोष्ट सांगायची असेल, तर मी ‘मासे आणण्यापूर्वी टेस्ट किट आणा’ असे सांगेन. मासा घेण्याआधी ज्याने नायट्राइटच्या नळीतील पाणी निळ्याचे जांभळे होताना आणि काही आठवड्यांनी पुन्हा निळे राहताना पाहिले आहे, त्याला टाकी कधी तयार झाली हे वेगळे सांगावे लागत नाही.

शेवाळवेल

या उत्तराशी मी सहमत आहे, कारण वनस्पती लावणाऱ्यालाही त्या खरोखर अमोनिया शोषत आहेत की नाही हे त्याच नळीवरून कळते. फक्त पाण्यात बुडवायच्या चाचणी-पट्ट्यांऐवजी थेंबांचा किट घ्यावा, पट्ट्या दमट हवेत लवकर खराब होतात. नायट्रेटच्या ज्या बाटलीत तळाशी साका बसतो, ती किटच्या पत्रकात सांगितली असेल तितका वेळ जोराने हलवूनच वापरावी, नाहीतर आकडा खोटा कमी येतो.

नवी_पालवी

आजचे मोजमाप: अमोनिया ०.२५, नायट्राइट अजून १. पाच मासे एका नातेवाइकांच्या जुन्या टाकीत हलवले आणि त्यांच्या फिल्टरमधील स्पंजाचा एक तुकडा मागून आणला आहे. तो आमच्या स्पंजाच्या आधी बसवावा की नंतर?

गाळणी

पाणी जिथून आत येते, तिथे आपला स्पंज ठेवा आणि मागून आणलेला तुकडा त्याच्या लगेच मागे बसवा, म्हणजे गाळ पुढच्या स्पंजात अडकेल आणि त्या तुकड्याची छिद्रे बुजणार नाहीत. तो आणल्यापासून कोरडा पडू दिला नसेल अशी आशा आहे. अजून बसवला नसेल तर त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि आजच बसवा.